जपानी गाडी आणि तेहतीस अनारसे

षड्रिपूंची यादी ज्याने केली त्याने मत्सराला सगळ्यांत शेवटी, सहाव्या नंबरावर ढकललं आहे. त्या माणसाला साडू नसावा. मला आहे. पहिले पाच शत्रू सांभाळायला माझ्यासारख्या अमरावतीच्या दिवाणी वकिलाला फुरसत मिळत नाही, पण सहावा मी घरच्यासारखा पोसला आहे आणि त्याचं सगळं श्रेय आमच्या हरिहररावांना.

हरिहर म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हणीचा, कुंदाचा नवरा. अकोल्याला दातांचा डॉक्टर. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, चार बोटं उंच, आणि डोक्यावरचे केस देवाने दिले तेवढे सगळे जागच्या जागी. एखाद्याचं एवढ्यावर भागलं असतं. पण ह्याने अर्ध्या जिल्ह्याचे दात उपटून उपटून एक नवीकोरी मोटार घेतली. मला कोणी विचारलं तर मी म्हणत असे, "छान झालं. कुंदाची सोय झाली." आणि मग घरी येऊन ओव्याचा अर्क घेत असे. पोटात खरोखरच दुखायचं.

तेही मी सोसलं असतं. पण मागच्या धोंड्याच्या महिन्यात जे झालं ते सोसण्यापलीकडचं होतं.

तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या अधिक महिन्यात जावयाला बोलावून त्याची पूजा करायची, ही आपल्याकडची एक अतिशय सुसंस्कृत चाल आहे. ज्याने ती काढली तो नक्की कुणाचा तरी जावई असणार. आमची सासुरवाडी तेल्हाऱ्याची. सासूबाई पार्बताबाई ह्या बाबतीत फार काटेकोर. पाटाभोवती रांगोळी, औक्षण, आणि परातीत दिव्यासकट तेहतीस अनारसे. बत्तीस नाहीत, चौतीस नाहीत. अधिकातलं वाण जाळीदार वस्तूचंच हवं, म्हणून प्रत्येक अनारशाला जाळी पडलीच पाहिजे. ज्याला पडली नाही तो गड्याला. आणि पहिला पाट थोरल्या जावयाचा. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण वकील म्हणून सांगतो, न लिहिलेले नियम जास्त पक्के असतात.

तर मागच्या खेपेला आमची एस.टी. दर्यापूरला बसली. आम्ही तेल्हाऱ्याला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि माझ्या पाटावर, माझ्या रांगोळीत, माझ्या निरांजनासमोर हरिहर बसला होता. तोंडात अनारसा होता. बाहेर त्याची मोटार उभी होती. "मुहूर्त टळून राहिला होता जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "बसा आता तुमी बी." मी बसलो. दुसऱ्या पाटावर! निरांजनातली वात अर्धी जळून गेली होती. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की पुढच्या धोंड्याला तेल्हाऱ्याला जाईन तर स्वतःच्या मोटारीने आणि हरिहरच्या आधी.

सहासष्ट साल उजाडलं. ह्या वर्षी श्रावण अधिक, हे मी पंचांगात जानेवारीतच पाहून ठेवलं. आता मोटार तेवढी हवी होती.

ती मला शेंदूरजनाघाटला मिळाली. तिथले संत्र्यांचे बागाईतदार नत्थुजी माझे पक्षकार. त्यांच्या भागात संत्र्यांच्या कलमांचा अभ्यास करायला एक जपानी साहेब येऊन राहिले होते. बायको, दोन मुलं आणि सोबत जहाजातून आणलेली जपानी गाडी. काम संपल्यावर ते कुटुंबासह परत गेले आणि गाडी नत्थुजींना देऊन गेले. नत्थुजींना बैलजोडीचं कळायचं, गाडीचं नाही. त्यांनी ती संत्र्याच्या पेट्या ठेवायच्या मांडवात ढकलली आणि चार वर्षं विसरून गेले.

"सायेब गेला, अन् कोंबड्या राह्यल्या," नत्थुजी दार उघडत म्हणाले. मागच्या सीटवर तीन कोंबड्या होत्या. एक खुडूक बसली होती, ती काही केल्या उठेना. गाडी लहानशी, गोल अंगाची, फिकट हिरवी. खिडक्यांना चक्क झिरझिरीत पडदे. मला ती पाहताक्षणी आवडली, कारण अख्ख्या अकोल्यात अशी गाडी कुणाकडे नव्हती.

अमरावतीला बुधवाऱ्यातल्या आमच्या घरासमोर ती आली तेव्हा सारी आळी गोळा झाली. आमचे शेजारी महादेवराव निवृत्त फॉरेस्टर. सेमाडोहच्या जंगलात तीस वर्षं काढलेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर बोलायला माणूस मिळाला की सोडत नसत. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. ह्या गाडीचे आरसे दारापाशी नव्हते, पार पुढे, नाकाच्या दोन्ही बाजूंना कानांसारखे उभे होते.

"वकीलसाहेब, आरसा तथी अन् तोंड अथी?" महादेवराव म्हणाले. "भांग पाडाले दरवेळी खाली उतरान का?"

"जपानात तशीच पद्धत आहे," मी म्हणालो.

"मंग जपानात टकले लय असतीन," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. मी विषय बदलला.

पहिलं काम गाडी नावावर करून घ्यायचं. मोटारींच्या कचेरीतल्या कारकुनाने जपानी साहेबांचं पत्र उलटसुलट करून पाहिलं. "ही सही नाही," तो म्हणाला. "हे चित्र आहे." मी म्हणालो, जपानी माणूस सही जपानीतच करणार. तो म्हणाला, "असेल. पण कचेरीला चित्र चालत नाही." शेवटी, सदरहू चित्र ही सदरहू इसमाची सही असून ती मी जाणतो, असं प्रतिज्ञापत्र मी स्वतःच केलं. मी ज्याला जन्मात पाहिलं नाही त्याची सही मी जाणतो असं मी शपथेवर सांगितलं. वकिलीत एवढं चालतं. मग कारकून खाली आला, गाडीकडे पाहिलं आणि पुस्तकात नोंद केली, "रंग : फिकट हिरवा."

आता साफसफाई. माझी बायको तारा हिने कमरेला पदर खोचला आणि पितळेच्या भांड्यांवर चालतात ते सगळे उपाय गाडीवर सुरू केले. चिंच, राख, रिठ्याचं पाणी. सकाळपासून घासता घासता दुपारी तिने मला हाक मारली.

"अहो, ही गाडी हिरवी नाहीच."

"म्हणजे?"

"हे शेवाळ आहे. खालून पांढरी निघून राहिली."

मी बघतो तर अर्धी गाडी दुधासारखी पांढरी आणि अर्धी अजून सरकारी नोंदीबरहुकूम. संध्याकाळपर्यंत तारा थांबली नाही. दुसऱ्या दिवशी मी पांढरी गाडी घेऊन पुन्हा त्याच कारकुनासमोर उभा.

"रंग बदलला," तो म्हणाला. "परवानगी घेतली?"

"बदलला नाही. धुतली."

"रंगवण्याचा अर्ज आहे. रंगाऱ्याचा दाखला लागतो. धुण्याचा अर्ज नाही."

"मग मी काय करू?"

त्याने बराच विचार केला. माणूस वाईट नव्हता. "धुवायला नव्हती पाहिजे," तो कळवळून म्हणाला. मग बायकोला रंगारी दाखवून, तिची सही घेऊन, तिनेच हिरवी गाडी पांढरी केल्याचा दाखला मी जोडला. ताराने त्यावर सही करताना माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

धर्मपाल मिस्त्री हा आमच्या भागातला एकमेव माणूस, ज्याच्यावर माझा आजही विश्वास आहे. त्याने गाडी उचलून खालून पाहिली, बाहेर आला आणि हात पुसत बसला.

"इंजन पाहा तं घड्याळ हाय साहेब. असं इंजन म्या पाह्यलं नाई. पन बूड पाहा तं चाळनी."

संत्र्यांचा सडलेला रस आणि कोंबड्यांची शिट ह्या दोघांनी मिळून चार वर्षांत गाडीचा तळ खाल्ला होता. चटई उचलली तर खालची जमीन दिसत होती. कुठे वाटाण्याएवढी, कुठे सुपारीएवढी भोकं.

"पत्रा ठोकून देतो," धर्मपाल म्हणाला. "पुढं दोन दिवस, मांगं दोन दिवस."

धोंड्याला तीनच दिवस उरले होते. आणि मला अजून भोंगा बसवायचा होता.

हा भोंगा समजावून सांगायला हवा. हरिहरच्या मोटारीचा भोंगा फार गोड होता. तेल्हाऱ्याला गल्लीच्या तोंडाशी तो वाजला की सासूबाई हातातलं काम टाकून, "डॉक्टर आले वाटते!" म्हणत दारात यायच्या. मी एस.टी.तून उतरून पिशव्या घेऊन येत असे तेव्हा त्यांना माझ्या चपलांचा आवाजसुद्धा येत नसे. तेव्हा मी धर्मपालला सांगितलं, पुढे माझ्या आणि ताराच्या पायाखाली पत्रा ठोक, मागचं राहू दे. मागे बसणार आहे कोण? राहिलेल्या एका दिवसात भोंगा बसव. ट्रकाचा.

"ट्रकाचा? इतकुशा गाडीले?"

"ट्रकाचाच."

"कावून पन?"

कारण मी त्याला सांगितलं नाही. भोंगा बसला. तो दाबला की गाडीचे दिवे मंद व्हायचे आणि महादेवरावांची म्हैस दोर तोडायची. मागच्या भोकांवर मी लग्नातली जाड सतरंजी अंथरली. वरून पाहणाऱ्याला गाडी पांढरीशुभ्र, पडदे धुतलेले, सतरंजी लालभडक. महादेवराव म्हणाले, "वकीलसाहेब, नवरदेव तेवढा बसाचा राह्यला."

मुहूर्त बाराचा होता. आम्ही सकाळी सहाला निघालो. गाडी चालवायला मी धर्मपालकडून शिकलो होतो, पण त्या दिवशी ती स्वतःच चालत होती असं म्हणायला हवं. पाऊस भुरभुर पडत होता. दर्यापूर आलं, गेलं. एस.टी. स्टँडसमोरून जाताना मी उगीचच भोंगा वाजवला. अकोट मागे पडलं तेव्हा नऊसुद्धा वाजले नव्हते. मी गुणगुणायला लागलो. ताराने माझ्याकडे काळजीने पाहिलं, कारण मी गुणगुणतो तेव्हा काहीतरी विपरीत घडतं असा तिचा अनुभव आहे.

आणि अकोटच्या पुढे दोन मैलांवर, एका बाभळीखाली, ती मला दिसली.

हरिहरची मोटार! दोन चाकं बसलेली. बाभळीच्या काट्याने एक गेलं, आणि जादा म्हणून ठेवलेलं चाकही हवा सोडून बसलेलं. शेजारी एका छत्रीत हरिहर आणि कुंदा. हरिहरच्या अंगात पांढरी टेरिलीनची पँट होती. आमची गाडी पाहून कुंदाने हात केला. हरिहर रस्त्यावर दोन पावलं पुढे आला, हसला आणि त्यानेही हात वर केला.

आता खरं सांगतो. मी भोंगा दाबला.

नुसता दाबला नाही, दाबून धरला. त्या माळावर तो आवाज काय घुमला म्हणता! आणि मी त्यांच्यासमोरून सरळ निघून गेलो. त्या पुढच्या आरशात, ज्याला महादेवराव हसले होते, हरिहर लहान लहान होताना मला स्वच्छ दिसला. त्याचा हात अजून वरच होता. तीन वर्षांची पोटदुखी तेवढ्या अंतरात थांबली.

"अहो, कुंदा आहे ती!" तारा ओरडली.

"ब्रेक लागत नाही."

"लागत नाही की लावत नाही? थांबवा, नाहीतर मी उडी मारते."

तिने दार उघडलंसुद्धा. मी गाडी थांबवली तेव्हा चांगली दोनशे पावलं पुढे आलो होतो. मागे मागे घेत घेत बाभळीपाशी नेली. उलटी न्यायला धर्मपालने मला नीट शिकवलं नव्हतं, त्यामुळे तेवढ्या वेळात मला मान मागे वळवून पुष्कळ विचार करता आला.

"कसे काय चुकलो तुमच्या नजरेतून आम्ही?" असं हरिहर म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "वा चिंतामणराव! काय पळते हो गाडी!"

कुंदा मागे उजवीकडे बसली. हरिहर डावीकडे. डावीकडची भोकं सुपारीएवढी होती. ते माझ्या ध्यानात होतं का? होतं. "बसा ना, ऐसपैस बसा," मी म्हणालो.

पुढच्या रस्त्याला जागोजागी पाणी साचलेलं. काळ्या मातीतलं ते पाणी, पातळ पिठल्यासारखं. पहिल्या खड्ड्यात चाक गेलं आणि सतरंजीखालून भसकन एक कारंजं उडालं. हरिहर म्हणाला, "अरे!" दुसऱ्या खड्ड्यात सतरंजीच उचलली गेली. मी मागे वळून पाहिलं नाही, रस्त्यावर लक्ष ठेवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. मात्र मी खड्डे चुकवत नव्हतो, हेही नमूद करून ठेवतो. तेल्हारा येईपर्यंत कुंदा पाय वर घेऊन मांडी घालून बसली होती, आणि डॉक्टर हरिहर छातीपर्यंत वऱ्हाडच्या जमिनीत मिसळले होते.

गल्लीच्या तोंडाशी मी भोंगा दाबला. अख्खी गल्ली दारात आली. सासूबाई आल्या, सासरे अण्णा आले. घड्याळात सव्वादहा. मी गाडीतून उतरलो, उपरणं सारखं केलं आणि आत माझ्या पाटाकडे निघालो.

"अगं बाई!" सासूबाई माझ्या अंगावरून पुढे धावल्या. "डॉक्टरांले काय झालं हे? चिखल पाहा कसा! पाणी तापवा रे! आधी ह्यांची आंघोळ करा, अन् मंग आधी ह्यांनाच बसवू, काकडून गेला बिचारा जीव."

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. म्हणजे ह्याही वेळेला! गाडी माझी, मुहूर्ताच्या आधी आणणारा मी, आणि पाट त्याचा. चिखल त्याच्या अंगावर मीच उडवला होता, आणि त्याच चिखलाने त्याला माझ्या पाटावर नेऊन बसवलं.

"नाही आई," हरिहर म्हणाला. त्याच्या भुवईवरून एक काळा थेंब नाकावर आला. "आधी चिंतामणराव. ते नसते तर आज आम्ही पोचलोच नसतो. दोन्ही चाकं गेलेली, भर रस्त्यात उभे. ह्यांनी लांबूनच पाहिलं आणि करकचून ब्रेक लावला. भोंगासुद्धा वाजवला, की आलो, घाबरू नका."

मी हरिहरकडे पाहिलं. तो पँट पिळत होता. कुंदा तुळशीकडे पाहत होती. तारा कुठे पाहत होती ते मला न बघताच कळलं.

"पाह्यलं!" सासूबाईंनी गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं. "थोरला तो थोरलाच. चला जावईबापू, बसा."

अण्णा मात्र बाहेरच होते. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, सतरंजी उचलली, बराच वेळ वाकून पाहिलं आणि आत येऊन सावकाश म्हणाले, "तुझ्या अनारशांपेक्षा जावयाच्या गाडीले जाळी चांगली पडली." सासूबाईंनी त्यांना गप्प बसवलं.

असा मी अखेर पहिल्या पाटावर बसलो. रांगोळी अखंड, वात नवी, कुंकू ताजं. सासूबाईंनी ओवाळलं तेव्हा निरांजनाची धग तोंडाला लागली आणि मला वाटलं, आत्ता त्या भोंग्याबद्दल कोणी काही विचारू नये. शेजारच्या पाटावर हरिहर येऊन बसला, न्हाऊन, अण्णांचं जुनं धोतर नेसून. त्या धोतरातही तो चांगलाच दिसत होता. वाईट दिसण्याची कलाच त्याला अवगत नाही. त्याचंही औक्षण झालं. त्याच्यासमोरही परात आली.

माणसाने अशा वेळी खाली मान घालून खावं. मी मोजायला लागलो.

मला स्वतःची लाज वाटत होती, तरी डोळे मोजत होते. माझ्या परातीत बत्तीस भरले. पुन्हा मोजले. बत्तीस. त्याच्या परातीतले मोजावे म्हणून मी मान जराशी तिकडे केली आणि हरिहरने ते पाहिलं. दातांचा डॉक्टर, दुखतं कुठे हे माणसाने तोंड उघडायच्या आत त्याला कळतं.

त्याने आपल्या परातीतला वरचा अनारसा उचलला आणि माझ्या परातीत ठेवला.

"वाढताना तुमचा एक माझ्याकडे आलेला दिसतो," तो हळूच म्हणाला. मग परातीकडेच बघत, "मागच्या खेपेला तुम्ही दारातून आत आलात ना, तेव्हा माझ्या तोंडातला घास खाली उतरला नव्हता, चिंतामणराव."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. भोंग्याबद्दल, भोकांबद्दल, त्या दोनशे पावलांबद्दल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाजूने बोलून पोट भरणारा माणूस मी, पण त्या वेळी मी नुसती परात जवळ ओढली. माझ्या परातीत खरोखर बत्तीसच होते की माझंच मोजणं चुकलं, हेही मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्याने दिलेला तेवढा एक अनारसा मी खाल्ला. सांगायला नको वाटतं, पण सगळ्यांत चांगली जाळी त्यालाच पडली होती.